आपला दगड पक्का, हे बोलणं कच्चं

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू भागात ५.३ क्षमतेचा भूकंप झाला. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर इथवर तो जाणवला. त्या संध्याकाळी भंडाऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता, आणि निकालही तिथेच लागला. "आपल्याकडे काही होत नाही. आपण पक्क्या दगडावर बसलो आहोत." एकाने त्यात भर घातली, "आणि त्या दगडाखाली तर सगळा लाव्हाच. रस हलेल फार तर, तुटेल कसा?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही चहा संपवून गुपचूप उठलो.

गप्प बसलो याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हा लेख. ही वाक्यं टपरीपुरती असती तर सोडून दिली असती. पण ती वर्गात ऐकू येतात, कुठे धक्का बसला की दुसऱ्या दिवशी छापून येतात, आणि शिकलेसवरलेले लोक ती एका दमात उच्चारतात. एका दमात उच्चारली की त्यांतला विरोध लक्षात येत नाही. पहिलं वाक्य सांगतं, आपल्याखाली अढळ दगड आहे. दुसरं सांगतं, आपल्याखाली रस आहे. मला दोन्ही खोडायची आहेत.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो. भंडाऱ्यात ज्याने विहीर खणली आहे त्याला दगडाबद्दल बोलायचा माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे. सब्बल बोथट होते, सुरुंग लावावा लागतो, बोअरच्या मशीनवाला मीटरमागे दर वाढवतो. जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण भागातले नाइस आणि ग्रॅनाइट दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. साकोलीकडचे शिस्ट आणि क्वार्टझाइट, तुमसरकडचे सौसर गटाचे खडक हेही कोवळे नव्हेत. घराचा पाया अशा दगडावर टेकला तर काळ्या मातीवरच्या घरापेक्षा तो कमी हलतो, हेही खरं. भूकंपाच्या नकाशात आपण सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात येतो. भीती घालणं हा माझा धंदा नाही.

माझा आक्षेप 'पक्का' या शब्दाला आहे. जणू पक्केपणा हा दगडाचा जन्मजात गुण, एकदा मिळाला की कुठेही नेला तरी सुटत नाही. खाणीतल्या हातोड्याने जो निकाल दिला तो तीस अंश तापमानाचा, एका हवेच्या दाबाचा आणि क्षणभराच्या घावाचा निकाल आहे. तोच दगड पंधरा किलोमीटर खाली न्या. तिथे सुमारे चारशे अंश तापमान, हवेच्या चार हजार पट दाब, आणि घाव घालणारा हात एकदा दाबायला लागला की लाखो वर्षं उचलतच नाही. त्या कोर्टात खाणीतला निकाल चालत नाही.

आणि हातोड्याच्या कोर्टातसुद्धा तो प्रत्येक वेळी चालतो असं नाही. लाखनी–साकोली पट्ट्यात कायनाइट सापडतं; भट्टीच्या उष्णतारोधक विटांसाठी लागणारं निळसर, पात्यांसारखं खनिज. त्याच्या पात्यावर लांबीच्या दिशेने चाकू ओढा, ओरखडा उठतो. तोच चाकू आडवा ओढा, उठत नाही. एकच खनिज, एकच तुकडा, दिशा बदलली की कठीणपणा बदलला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या आउई नावाच्या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने म्हणूनच त्याला 'दोन बळांचं' अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं होतं. ज्या जिल्ह्याच्या मातीत असा साक्षीदार पडून आहे, तिथल्या माणसाने तरी 'पक्का' हा शब्द जपून वापरावा.

आता मुख्य मुद्दा. कठीण दगड न वितळता वाकू शकतो, ताणला जाऊ शकतो, वाहू शकतो. हे वाक्य ऐकलं की समोरचा हसतो. त्याला मी कासाराच्या दुकानात नेऊ इच्छितो.

भंडारा पितळी भांड्यांचं गाव. गावाचं जुनं नाव 'भाणारा', ते भाण्यांवरून पडलं असंच आपण ऐकत आलो. पितळेचा पत्रा घेऊन कासार ठोकायला लागतो. सुरुवातीला पत्रा ऐकतो, वळतो. ठोकत गेलं की तो ताठर होतो, आवाज बदलतो, आणि आता हट्टाने ठोकलं तर काठाला चीर जाणार हे त्या माणसाला कानाने कळतं. मग तो पत्रा भट्टीत ताव देऊन काढतो. निवाला की पत्रा पुन्हा मऊ, पुन्हा हातोडा. या सगळ्यात पितळ कुठे वितळलं? वितळायला त्याला नऊशे अंशांच्या वर जावं लागतं. वितळलं असतं तर भांडं गेलंच असतं. घन राहूनच ते कडक झालं आणि घन राहूनच मऊ झालं.

असं का होतं हे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी वेगवेगळं बसून सांगितलं. स्फटिकात अणूंच्या ओळी असतात आणि त्या ओळींत चुका असतात. कुठे एक ओळ अर्धीच राहिलेली असते. लग्नाच्या मांडवात अंथरलेलं जड जाजम अख्खं ओढून सरकत नाही. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती ढकलत नेली की जाजम वीतभर पुढे जातं. स्फटिकातली चूक म्हणजे ती सुरकुती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली की स्फटिकाचा वरचा भाग अणूभर सरकतो, आणि काहीही तुटत नाही. ठोकलं की सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात, धातू ताठरतो. ताव दिला की गुंता सुटतो, जुन्या विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे स्वच्छ कण उगवतात, धातू मऊ होतो.

जमिनीखाली क्वार्ट्झच्या बाबतीत हेच घडतं. फरक इतकाच की कासाराकडे हातोडा आणि भट्टी आळीपाळीने चालतात, तिथे दोन्ही एकाच वेळी चालू असतात. तीनशे अंशांच्या वर क्वार्ट्झ असं वाहू लागतं. फेल्डस्पार अधिक हट्टी, त्याला साडेचारशे-पाचशे अंश लागतात. वेग विचाराल तर असा: एक किलोमीटर लांबीचा खडक वर्षाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा ताणला जातो. दुप्पट व्हायला सुमारे तीस लाख वर्षं. तेवढा वेळ उभं राहून पाहणारं कोणी नसतं, म्हणून आपण म्हणतो की दगड हलत नाही.

पुरावा हवा? लांब जायला नको. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉईल कंपनीच्या मॅंगनीजच्या खाणी आहेत. ते मॅंगनीज कधीकाळी समुद्रतळावर आडव्या थरात साचलं. आज ते थर दुमडून, पुन्हा दुमडून बसले आहेत. खनिजाचा माग काढणारा वळीच्या वळणाबरोबर वळत जातो. या खडकांतल्या गार्नेट-क्वार्ट्झच्या एका जातीला फर्मर या भूवैज्ञानिकाने गोंडांच्या नावावरून 'गोंडाइट' म्हटलं, आणि १९०९ च्या त्याच्या ग्रंथामुळे ते नाव जगभर गेलं. कठीण दगड फक्त तुटूच शकत असता तर त्या थरांचा खच पडला असता, वळी झाली नसती. शेजारच्या रामटेक तालुक्यातल्या देवलापारला वेस्ट यांनी १९३६ मध्ये सांगितलं की इथे खडकांची अख्खी चादर दुमडून दूरवर सरकली आहे, आल्प्ससारखी. पुढच्यांनी त्यांच्याशी वाद घातला, आजही घालतात. पण चादर किती सरकली हा तो वाद आहे. दगड घन अवस्थेत वाहिला यावर त्या भांडणातल्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

साकोली पट्ट्याच्या उत्तर अंगाला गायखुरीची डोंगररांग आहे. तिच्या बाजूने खडकांचा एक कर्तन पट्टा जातो, म्हणजे असा चिंचोळा भाग जिथे दोन बाजू एकमेकींना घासून सरकल्या आणि सगळी ओढाताण त्या पट्ट्यातच जिरली. तिथे मायलोनाइट सापडतो: बारीक कणांचा, पट्ट्यापट्ट्यांचा, ताणलेल्या साखरेच्या पाकासारखा दिसणारा खडक. या खडकाचं नाव हीच एक शिकवण आहे. १८८५ मध्ये लॅपवर्थ यांनी स्कॉटलंडमध्ये तो पाहिला आणि त्यांना वाटलं, हा चक्कीत दळला गेला आहे. म्हणून गिरणीसाठीच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की क्वार्ट्झ दळलं गेलेलंच नाही. कण बारीक झाले ते नवे उगवून, कासाराच्या तावासारखे. नाव चुकीचं ठरलं आणि तसंच राहिलं. आपल्या टपरीचंही तेच झालं आहे: दगडाने एकच काम करायचं, तुटायचं, बारीक दिसला म्हणजे दळलाच असणार.

इथे जाणकार वाचक अडवेल. पंधरा किलोमीटरवर गरम आहे, मान्य. पण उष्णता तर सगळीकडे सारखी. मग सगळाच खडक का वाहत नाही, चिंचोळा पट्टाच का? प्रश्न रास्त आहे, आणि 'पक्का दगड' या समजुतीचा खरा पराभव त्याच्या उत्तरात आहे.

उत्तराचा पहिला भाग पाणी. १९६५ मध्ये अमेरिकेत ग्रिग्ज आणि ब्लेसिक यांनी प्रयोगशाळेत क्वार्ट्झ दाबून पाहिलं. दाब सगळीकडून सारखा बसावा म्हणून नमुन्याभोवती शंखजिऱ्याचं वेष्टन होतं. तापमान वाढलं तसं शंखजिऱ्याने आपल्यातलं पाणी सोडलं, आणि एरवी कशालाही न जुमानणारं क्वार्ट्झ अनपेक्षितपणे नरम पडलं. कृत्रिम क्वार्ट्झच्या ज्या स्फटिकांत वाढतानाच पाणी अडकलं होतं, तेही असेच दुबळे निघाले. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची बळकट साखळी पाण्याचा अंश मध्ये शिरला की सैल होते. पाणी घोटभरसुद्धा लागत नाही. दिसणारही नाही इतकं पुरतं.

दुसरा भाग अभ्रक. ग्रॅनाइटमधला दणकट घटक फेल्डस्पार; तो क्वार्ट्झपेक्षा उशिरा नमतो. पण त्याला एक भेग गेली आणि त्या भेगेतून पाणी शिरलं की त्याचं हळूहळू अभ्रक होऊ लागतं. अभ्रक म्हणजे पत्त्यांची गड्डी, पानावर पान घसरतं. शंभर हट्टी कणांच्या जागी निसरड्या पत्र्यांची एक सलग वाट तयार झाली की खडकाला बाकीचं बळ असून उपयोग नाही. जोर त्या वाटेने जातो. जोर गेला की कण अजून बारीक होतात, बारीक कणांमधून पाणी अजून सहज फिरतं, अजून अभ्रक, अजून घसरण. बाजूचा खडक मात्र दहा पावलांवर जसाच्या तसा. दगडाचं बळ सगळीकडून सारखं जात नाही. ते एका फटीतून जातं.

खोल कवचातला सर्वांत बलवान खडक घ्या. भूवैज्ञानिकांचा भंडारा–बालाघाट ग्रॅन्युलाइट पट्टा आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्याच्या नावानेच ओळखला जातो. तिथले खडक पंचवीस-तीस किलोमीटर खोलीवर आठशे अंशांहून अधिक तापमानात तयार झाले आणि मग वर आले. त्या तापात त्यांच्यातलं पाणी जवळजवळ सगळं निघून गेलं. असा कोरडा ग्रॅन्युलाइट महाकंजूस. पाणी नाही म्हणून अभ्रक नाही, सुरकुती सरकत नाही, खडक नमत नाही. इथे टपरीवाले खूश होतील: बघा, पक्का निघाला ना! पण नॉर्वेतल्या बर्गन परिसरात १९८० च्या दशकात आउस्ट्राइम यांनी याच जातीच्या खडकांची कहाणी वाचली. दोन खंडांच्या टकरीत ते पन्नास किलोमीटरहून खोल दाबले गेले होते. बराचसा भाग तिथेही तसाच अडून राहिला, कोरडा आणि ताठ. जिथे तडा गेला आणि तड्यातून पाणी आत आलं, तिथे खडकाने रूपच बदललं आणि तो वाहू लागला. नमणं माहीत नाही म्हणून तो आधी तुटला. तुटला म्हणून पाणी आलं. पाणी आलं म्हणून तो कायमचा दुबळा झाला. त्याच्या पक्केपणानेच त्याला कमकुवत होण्याची वाट काढून दिली. 'पक्का म्हणून सुरक्षित' हे गणित खोल कवचात उलटं सुटतं.

आता दुसऱ्या वाक्याकडे, लाव्ह्याकडे. यावर फार शाई घालवायची नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. कवचाच्या खालच्या जवळपास २,९०० किलोमीटरच्या प्रावरणातून त्या खुशाल जातात. म्हणजे ते घन आहे. पृथ्वीच्या आतला गाभा निराळा आहे हे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून दाखवणारे ओल्डहॅम हे आपल्याच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी केलेले गृहस्थ. ज्वालामुखीचा रस क्वचित ठिकाणी, थोडाथोडा तयार होतो. आपल्या पायाखाली त्याचा समुद्र नाही.

पण लाव्हावाल्यांना खरं उत्तर जबलपूरने दिलं आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे तिथे ५.८ क्षमतेचा भूकंप झाला. भंडाऱ्यापासून फार लांब नाही. त्याचं केंद्र सुमारे ३५ किलोमीटर खोल होतं, म्हणजे कवचाच्या जवळजवळ तळाशी. नेहमीच्या हिशेबाने तिथला खडक कधीच मऊ होऊन वाहायला हवा होता, तो तुटला. सातपुड्यातला १४ मार्च १९३८ चा भूकंपही असाच खोल होता. मुलुगूच्या धक्क्याची खोलीही ४० किलोमीटर नोंदवली गेली. लोह-मॅग्नेशियम जास्त असलेला कोरडा खडक तेवढ्या खोलीवरही ताठ राहतो, हेच याचं पटणारं स्पष्टीकरण आहे. म्हणजे खाली सगळं मऊ असतं हे खोटं, आणि ताठ दगड तुटत नाही हेही खोटं. एकाच पहाटेने टपरीवरची दोन्ही वाक्यं निकालात काढली, आणि सत्तावीस वर्षांनंतरही आपण तीच म्हणत होतो.

कोणी म्हणेल, हे अब्जावधी वर्षांपूर्वीचं पुराण आहे, त्याचा आजच्या माणसाला काय उपयोग? असं म्हणणाऱ्याला मी किल्लारीची आठवण करून देतो, आणि देताना मला बरं वाटत नाही. 'दक्षिणेचं पठार स्थिर' हे आम्ही शाळेत घोकलं होतं. तेव्हाच्या भूकंप नकाशात किल्लारी सर्वांत निर्धास्त विभागात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून लोक झोपले असताना, तिथल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. नंतर तिथे भोक पाडून पाहिलं, तर ३३८ मीटर काळ्या कातळाखाली तोच जुना नाइस निघाला, आपल्या भंडाऱ्यात उघड्यावर दिसतो त्याच जातीचा. माणसं दगडमातीच्या जड भिंतींखाली गेली, हे खरंच. घरं नीट बांधली असती तर इतकी जीवितहानी झाली नसती. पण नीट बांधायचं का, हा प्रश्न ज्याला पडायला हवा होता त्याला नकाशाने आणि पाठ्यपुस्तकाने आधीच झोपवलं होतं. २००२ मध्ये तो 'विभाग एक' नकाशातून काढून टाकला गेला. कागदावर चूक दुरुस्त झाली, बोलण्यात अजून व्हायची आहे.

खडक जिथे एकदा दुबळा झाला, ती वाट पुसली जात नाही. नर्मदा–सोन खोऱ्याची रेषा अशीच जुनी, जबलपूर तिच्यावरच. भंडारा–बालाघाटमधून जाणाऱ्या मध्य भारतीय कर्तन पट्ट्याला काही अभ्यासक दोन भूखंडांची शिवण मानतात, काही मानत नाहीत. शिवण म्हणा वा नका म्हणू, तिथला खडक कधीकाळी नमला होता. म्हणून उद्या तिथे भूकंप होईल असं मी म्हणत नाही. म्हणतो एवढंच की शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी बांधताना 'आपला दगड पक्का' हे कारण देऊन एकही सळई कमी करू नका.

आणि तरीही ज्यांना पटलं नसेल त्यांना एक काम देतो. गायखुरीच्या बाजूला जाल तेव्हा पट्ट्यापट्ट्यांचा एक तुकडा उचला, पाण्याने धुवा आणि भिंगाखाली धरा. डोळ्याच्या आकाराचा गुलाबी-पांढरा कण दिसेल, तो फेल्डस्पार. नीट पाहा, तो बहुधा तडकलेला असेल. त्याच्या दोन्ही बाजूंनी राखाडी रिबिनीसारखं वळून गेलेलं दिसेल ते क्वार्ट्झ. त्याला एक चीर नाही. एकाच मुठीतल्या दगडात, एकाच तापमानात, एकाच दाबाखाली एक तुटला आणि एक वाहिला. तो तुकडा टपरीवर घेऊन या. चहा माझ्याकडून.